रस्त्यातला निळा तळ

गौरेशचं वागणं देवकीला मुळीच पटलं नव्हतं. न विचारता त्यानं तिची ट्रंक उघडली, भावाची पत्रं काढली, त्यांचे फोटो मारले, हे तिनं एक वेळ पोटात घातलं असतं. पण माणसाला आधी मानानं पाटावर बसवायचं आणि पान वाढून झाल्यावर सांगायचं, जरा उठा, तुमच्यामुळे वाट अडते, ही कुठली रीत? आणि तेही कुणा आलतूफालतूला नव्हे, तिच्या सख्ख्या भावाला. मेल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी, जेव्हा बिचाऱ्याला उठतो म्हणता येत नाही की बसतो म्हणता येत नाही.

भांडी विसळता विसळता तिनं हे सुनेला तीनदा ऐकवलं. पूजा तिन्ही वेळा "होय, आई" म्हणाली. दिवचलची मुलगी, दुसऱ्याच्या वादात पाय घालायची नाही.

गौरेश पूजाचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा. इब्रामपुरात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. काम म्हणजे खेळ बनवणं. पोरासोरांचे नव्हेत, मोठ्यांचे. जुनी लढाई घ्यायची, तिचा नकाशा मधमाशीच्या पोळ्यासारखा सहा बाजूंच्या घरांत कापायचा, त्यावर पलटणी आणि रणगाडे मांडायचे, की ज्याला हौस असेल त्यानं कॉम्प्युटरवर ती लढाई पुन्हा लढावी. यंदा त्याच्याकडे सदुसष्ट सालची अरब-इस्राएल लढाई आली होती, तिच्यातला गाझाच्या पट्टीचा तुकडा. देवकीला इस्राएल म्हणजे मांद्र्याला स्कुटरी उडवत फिरणारी, लष्करातून सुटून आलेली पोरं, एवढंच ठाऊक. गाझा मात्र तिला पाठ होता. तिथून तिला अकरा पत्रं आली होती.

सगुण तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. राज्याच्या हद्दीपलीकडच्या तिच्या माहेरगावातून तो बेळगावला जाऊन भरती झाला आणि पुढे बोटीनं गाझाला गेला. लढायला नव्हे, मध्ये बसायला. डोक्यावर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी, एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला ते. "आम्ही कुणावर गोळी झाडायची नाही, नुसतं दिसत राहायचं. दोन्हीकडचे आम्हाला हात करतात," असं त्यानं लिहिलं होतं. देवकीची शाळा दुसरीत सुटलेली. पत्रं मास्तर वाचून दाखवायचे आणि ती ऐकून ऐकून पाठ करायची. शेवटच्या पत्रात होतं की परत जायचा हुकूम झाला, आता फक्त बोटीची वाट बघतो आहोत, आलो की देवकीच्या लग्नाचा मुहूर्त धरा. बोटीच्या आधी लढाई आली. मग तीन ओळींची तार. लग्न पुढल्या वर्षी झालं. होमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या घालायला सगुणच्या जागी चुलतभाऊ उभा राहिला, आणि त्याच्या हाताचा घाम तिला लागला, तो तिला अजून आठवतो.

तीन आठवड्यांमागे गौरेश म्हणाला होता, "आजी, सगुणआजोबांचो तळ मी खेळात घालतंय. खऱ्या जाग्यार." त्या दिवसापासून देवकी जमिनीवर नव्हती. देवळात भजनाला आलेल्यांना तिनं सांगितलं, पावाची टोपली घेऊन येणाऱ्या पोदेराला सांगितलं, काजू गोळा करणाऱ्या दादूला आणि हौसाला सांगितलं, आणि शेजारच्या पद्मावतीला तर दोनदा. पद्मावतीचा नातू एकदा टीव्हीवर गायला होता आणि ते गाणं देवकी दोन वर्षं ऐकत आली होती. "माझ्या भावाक आता सगळा जग बघतला," देवकीनं तिला सांगितलं होतं. "रविवारी चाराक ये. तुकाय दाखयतंय."

आज रविवार. आणि दुपारी हुमणातला बांगडा सोडवता सोडवता, वर न बघता गौरेश म्हणाला, "आजी, तो तळ काढलो गो. खेळ अडत होतो."

भांडी झाल्यावर देवकी हात पुसत त्याच्या खोलीत गेली. तो खिडकीशी बसून स्क्रीनवर काहीतरी हलवत होता.

"कोणाक विचारून काढलंस?"

"कंपनीक नको झालो." त्यानं माउसवरचा हात काढला. "आणि खरा सांगू काय? माकाय नको झालो."

"तुका? तुझ्या आज्याचो मेवणो तो. तुका कसो नको झालो?"

गौरेशनं खुर्ची वळवली. "बस, सांगतंय. तळ रस्त्यार आसा. खराच थंय होतो, मी काय करू? तो हलाचो नाय, झाडाचो नाय, नुसतो बसाचो. आणि जो कोण चाल करून येता, तेका तोच रस्तो होयो आसता. मी तेरा जणांक हो खेळ खेळवलो. बारा जणांनी तळ उडवलो."

"आणि तेरावो?"

"तेराव्यान उशिरान उडवलो."

देवकी बसली नाही. "उडवणाऱ्याचे गुण काप."

"कापतंय मगे. आधी पाच कापी, मग धा, आता वीस. वीस देतत आणि उडयतत. आणि दर खेपेक माका लिहूचा लागता, निळो तळ नष्ट, अमक्या चालीक."

"काळीज नसलेली माणसा ती."

"बरी माणसा, आजी. एक तर दाक्तर आसा."

"मांड," देवकी म्हणाली.

"काय?"

"कागदावर मांडतंस मां तू, आधी? तो मांड मेजार. तळ घालून मांड. मी खेळतंय. न उडवता कसा जिंकतत, ता तुका दाखयतंय, आणि मग तुझ्या कंपनीक सांग."

गौरेशनं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची त्याची टाप नव्हती. जेवणाच्या मेजावर त्यानं मोठा कागदी नकाशा पसरला, कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. डाव्या हाताला समुद्र आणि वाळूच्या टेकड्या, उजव्या हाताला सुरुंग पेरलेली शेतं, मधून एकच रस्ता. वरून यायचं ते देवकीचे तांबडे पुठ्ठे, इस्राएलचे. खाली बसलेले हिरवे गौरेशचे, इजिप्तचे. रस्त्याच्या ऐन मध्यावर एक निळा पुठ्ठा. त्यावर नाव नव्हतं, नुसती टोपी काढलेली होती.

नियम सांगायला गौरेशला दहा मिनिटं लागली, तिला कळायला पाच. कोल्हापूरकडून येणाऱ्या दादूच्या टोळीला तिनं पंधरा वर्षं काजूच्या डोंगरावर फिरवलं होतं. कुठल्या उतरणीवर कुणाला आधी घालायचं, कुणाला मागं राखायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पहिल्या दोन चालींत तिनं गौरेशची पुढची चौकी मोडली. तिसऱ्या चालीला तोफा टेकडीवर चढवल्या. पूजा पदराला हात पुसत येऊन उभी राहिली आणि हसली.

"आई, तुमका पलटणीत घेवक होया होता."

"पलटणीत नको. पलटणीचो मुकादम करूक होयो होतो," देवकी म्हणाली, आणि तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही.

चार वाजायच्या आधीच पद्मावती आली. चपला काढता काढता तिनं विचारलं, "खंय आसा गो भाव तुझो?"

"तो बघ." देवकीनं निळ्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "रस्त्यात बसलो हा. हलायचो नाय."

पद्मावती वाकून बघत राहिली. "एवढोसोच?"

"दुरून सगळेच एवढेसे दिसतत."

पद्मावती खुर्ची ओढून बसली. खेळ काय हे तिला कळलं नाही, पण कोण कुणाला हरवतं हे तिला बरोबर कळायचं. गौरेशनं हिरव्या तोफा रस्त्याच्या तोंडाशी आणल्या. देवकीचे रणगाडे रस्त्यावर एकामागे एक उभे होते, आणि सगळ्यांत पुढच्याच्या पुढ्यात निळा पुठ्ठा. गौरेशनं फासा टाकला. एक रणगाडा गेला.

"गेलो गे," पद्मावती म्हणाली.

"बघतंय मी."

देवकीनं दोन रणगाडे टेकड्यांकडून घातले. वाळूत त्यांची चाल निम्मी झाली आणि हिरव्या तोफांनी दोन्ही टिपले. शेतातून एक पलटण घातली. तिचा अर्धा भाग सुरुंगांत गेला. तिनं गौरेशकडे बघितलं.

"ह्येंका सांगूक येत नाय, जरा बाजूक व्हा म्हणान?"

"नाय. ते बोटीची वाट बघतत."

"किती चाली?"

"खेळ सरापर्यंत बोट येणा नाय, आजी."

ती एक चाल थांबली. मुद्दाम थांबली, काही न हलवता. गौरेशनं फासा टाकला आणि रस्त्यावरचा आणखी एक रणगाडा उचलला. तिला वाटलं, फासा तिच्या बाजूनं पडावा म्हणून तो जपून टाकतो आहे, पण फासा तरी कुणाचं ऐकतो. दुसरी चालही ती थांबली. पुन्हा एक गेला. आता तिच्याकडे तीनच उरले. समोर रस्ता मोकळा पडला तर खालचं गाव दोन चालींवर होतं.

"नातवाकडसून हारतलंस, देवक्ये," पद्मावती म्हणाली. वाईट हेतूनं म्हणाली असंही नव्हे. "आमच्या पोराक टीव्हीवर दुसरो नंबर दिलेलो, तरी चार दिस जेवलो नाय तो."

देवकीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. ती नकाशावर वाकली. तिला घरं दिसत होती, रस्ता दिसत होता, खालचं गाव दिसत होतं.

"गावाचे गुण किती?"

"तीस."

"आणि ह्येचे वीस जातत."

"होय."



"झाड," देवकी म्हणाली.

गौरेशनं हात पुढे केला नाही. "आजी, तो निळो..."

"माका दिसता. डोळे गेले नाय माझे. झाड म्हणतंय मां."

"मी टाकूचो नाय फासो."

तिनं फासा उचलला आणि स्वतः टाकला. पाच पडले. चार पुरले असते. गौरेशनं निळा पुठ्ठा दोन बोटांनी उचलला आणि डब्याच्या झाकणात, जिथे मेलेले रणगाडे आणि पलटणी टाकल्या होत्या तिथे ठेवला. मग वही ओढून त्यानं एक ओळ लिहिली. काय लिहिली हे कुणी विचारलं नाही.

देवकीनं रणगाडे मोकळ्या रस्त्यावरून खाली नेले. निळा पुठ्ठा होता त्या घरावरून जाताना तिचं बोट थांबलं नाही. दुसऱ्या चालीला तिनं गाव घेतलं. गौरेशनं बेरीज केली आणि वही तिच्याकडे वळवली, तिला आकडे वाचता येत होते म्हणून. ती सहा गुणांनी जिंकली होती.

"जिंकलंस गो," पद्मावती म्हणाली, आणि मग तिनं नकाशा वरून खालपर्यंत बघितला. "तो निळो खंय गेलो? तुझो भाव?"

पूजा आत चहाचं आधण बघायला गेली. आधण ठेवलेलंच नव्हतं.

"मी उडवलंय," देवकी म्हणाली.

पद्मावतीला ते धड कळलं नाही. तिनं गौरेशकडे बघितलं. गौरेश उठून आजीच्या खुर्चीमागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "म्हणान काढलंय मी तेका. सगळेच करतत, आजी. तुझो दोष नाय. उद्या मी तळ नसलेलो खेळ कंपनीक धाडतंय, मग कोणाकच करूचा लागणा नाय."

देवकीचे दोन्ही हात नकाशावर होते. सतरा वर्षांची असताना तिनं मास्तरांना विचारलं होतं की टोपी निळी होती, दुरून दिसत होती, मग कसं झाडलं त्यांनी, माणसं होती की कोण होती. मास्तरांना सांगता आलं नव्हतं. पुढे कुणालाच सांगता आलं नाही. आता तिला कळलं होतं, आणि ते कळायला फक्त एक दुपार लागली होती, घरातल्या मेजावर, हातात फासा असताना.

ती उठली नाही. मान वळवून तिनं नातवाकडे बघितलं, आणि पद्मावतीला ऐकू जाईल अशा, तिच्या नेहमीच्याच आवाजात बोलली.

"धाडशील तो तळ घालूनच धाडशील. आणि तुझे ते वीस गुण काढून टाक. मोल सांगितलंस म्हणान मी मोल दिलंय. कायएक सांगू नको, बघूया कोण काय करता. मी माझ्या भावाक उडवलंय, ता माझ्या हातान झाला आणि ह्या पद्मावतीन बघितला. उद्या गावभर सांगतली, सांगांदे. तू मात्र सकाळी हंय बसान तेका पुसून टाकलंस आणि भात खावक इलंस, आणि ता कोणी बघितला नाय. माझ्यापेक्षा तुझा वायट, गौरेश. माझ्या हातान तो मेलो. तुझ्या हातान तो कधी नव्हतोच."