खाकी कागदाखालचा भाग

आमच्या वाचनगटात मुखपृष्ठ बघून मत बनवायला बंदी आहे. म्हणून वहिनी प्रत्येक कादंबरीला खाकी कागदाचं कव्हर घालते आणि आतलं नावाचं पानही चिकटवून टाकते. दर रविवारी आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात, पेशंटच्या बाकांवर बसून भांडतो.

या खेपेची कादंबरी अंतराळयानाची होती. पहिल्याच पानावर यानाची कॅप्टन मेलेली, आणि पुढे सगळे तिच्या आठवणींवर तग धरून राहतात.

"काय धाडस आहे लिहिणाऱ्याचं! काही म्हणून समजावून सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण मीही मान डोलावली.

मग वहिनीने कव्हर काढलं. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘भाग दुसरा’. डॉक्टरांचं तोंड त्यांच्या पेशंटसारखं उघडंच राहिलं. मी वहिनीवर उखडले.

"अगं, कव्हर घालताना बघायचंस तरी!"

"नियम म्हणजे नियम. मीसुद्धा डोळे मिटूनच घालते."

पुढच्या रविवारी डॉक्टर पहिला भाग मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या पानावर दार उघडून कॅप्टन आत आली आणि खरकट्या हातांनी बटणं कोण दाबतंय म्हणून सगळ्यांवर ओरडली. बस, इतकंच. डॉक्टरांना पुढे वाचवेना. वहिनीने चष्मा काढून डोळे पुसले.

पहिला भाग आधी वाचणाऱ्यांनी हे पान नुसतंच उलटलं असणार. बिचारे!