विजापूरला निघालेला तांब्या

मित्रांनो, फळीवर डब्यांच्या रांगेत जरासा कलंडून बसलेला तो जुना पितळी तांब्या मीच. मला फिरकीचा तांब्या म्हणतात. माझ्या गळ्याला आटे आहेत आणि झाकणालाही आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवले की मला आडवा करा, उलटा धरा, पाण्याचा थेंब सांडत नाही. घरात पाणी प्यायला साधे तांबे पुष्कळ असतात. माझा जन्म मात्र प्रवासासाठी झाला. त्यामुळे एका जागी बसणे मला जमत नाही. त्यात माझे बूड तांबटाने गोलसर ठेवलेले. शेजारून कोणी चालत गेले तरी मी डुलू लागतो.

निपाणीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. तिथल्या बाजारात संकेश्वरच्या मल्लाप्पा नावाच्या विणकराने मला उचलले आणि माझ्या पोटावर टिचकी मारली. मी खणखणलो. "ह्यो बोलतोय बघ. ह्योच दे," तो दुकानदाराला म्हणाला. त्याच्या लेकीचे, मालुबाईचे, लग्न ठरले होते. पाठवणीच्या वेळी त्याने मला तिच्या हातात दिले आणि म्हणाला, "मी एकदा विजापूरला गेलतो, माले. तिथल्या गोल घुमटात नुसती हाक मारली तर सातदा परत येतीया. पोरंबाळं झाली की सगळ्यास्नी घेऊन जा. जाताना ह्यात पाणी घे."

मालुबाईचे सासर बेळगावला लागून असलेल्या शहापुरात. नवरा परशराम हा विणकर, साड्या विणण्यात अख्ख्या गल्लीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस मायाळू, पण मागावर बसला की त्याला जगाचा विसर पडे. खट खट, खट खट, दिवसभर आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावायचा. मला त्या धोट्याचा फार हेवा वाटे. तो निदान धावत तरी होता!

पुढे त्यांना दोन मुले झाली. थोरली अक्काताई, धाकटा शामू. शामू पायावर चालू लागला तशी मालुबाईने विजापूरची गोष्ट काढली.

"जाऊया की," परशराम लगेच म्हणाला. "ही साडी उतरली की जाऊया."

झाले! मला चिंचेने घासले, आतून कल्हई लावली. मालुबाईने दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, वळकटी बांधली. माझ्यात पाणी भरून झाकण फिरवले. माझ्या अंगावर काटाच आला म्हणा ना! आणि ऐन वेळी गोवराने शामूचे अंग फुलले. दशम्या घरातच संपल्या आणि माझ्यातले पाणी तुळशीला गेले.

पुढच्या खेपेला पाहुणे आले. त्याच्या पुढच्या खेपेला लगीनसराई. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात ना, तशातली गत. पण खरे विघ्न वेगळेच होते. विणकराच्या घरी माग रिकामा ठेवत नाहीत, तो अपशकुन मानतात. मागावरचे उभे धागे संपत आले की त्यांच्या टोकांना नवे धागे एकेक करून सांधतात. म्हणजे जुनी साडी उतरते न उतरते तोच नवी चढलेली असते. आणि हे सांधायचे काम कोणाचे? मालुबाईचेच! बिचारी विजापूरची वाट बघत बसायची आणि स्वतःच्याच बोटांनी ती वाट लांबवायची. 'साडी उतरली की' म्हणणाऱ्या परशरामाच्या आणि मान डोलावणाऱ्या तिच्याही हे कधी ध्यानात आले नाही. फळीवरून मला सारे दिसत होते, पण तांब्याचे ऐकतो कोण?

मुलांनी मात्र बेत सोडला नाही. घुमटात काय ओरडायचे याची तालीम ती माझ्यातच करायची. झाकण काढून अक्काताई माझ्या तोंडाशी तोंड नेई आणि "कूऽऽ" करी. माझे सारे पोट थरथरायचे.

"शाम्या, हात लाव, हात लाव. गुदगुल्या हुत्यात बघ!"

शामूचा बेत निराळाच होता. "मी घुमटात लाडू म्हननार. सातदा आला तर सात लाडू."

"खायचं नाव घ्यायचं न्हाय तिथं," अक्काताई दटावी.

"तू कवा गेलतीस?"

यावर अक्काताई त्याच्या पाठीत धपाटा घाली. परशराम मागावरून हसायचा. संध्याकाळी स्टेशनातून गाडीची शिट्टी ऐकू येई, तेव्हा तो धोटा थांबवून म्हणायचा, "चालली बघा आपली गाडी!"

एका संध्याकाळी शिट्टी झाली आणि धोटा थांबला नाही. मालुबाईने मान वर केली. दुसऱ्या दिवशीही तसेच. शामूने "आप्पा, जेवायला" म्हणून दोनदा हाक मारली. परशरामाने मागे वळूनही पाहिले नाही. मालुबाई त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"कधीपास्नं?" तिने विचारले.

त्याने नजर चुकवली. "मागाचा आवाज बसलाय कानात. हुईल बरं."

पण बरे झाले नाही. वैद्यांनी कान तपासले आणि ते मालुबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "आता जेवढं ऐकू येतंय तेवढं ऐकून घ्या म्हनावं."

मित्रांनो, तेव्हापासून त्या घरात माझ्याइतकेच बेचैन आणखी एक माणूस झाले. मालुबाई चुलीशी असली तरी तिचे लक्ष स्टेशनाकडे. कान जायच्या आत त्या घुमटात त्याला पोरांचा आवाज ऐकवायचा, एवढा एकच ध्यास तिने घेतला. तिने किती विनवले! पण परशराम घाबरला होता. कान गेल्यावर हातही जातील की काय असे त्याला वाटे, म्हणून तो दुप्पट विणू लागला. "एवढी उतरू दे," म्हणायचा. ती उतरायची आणि ये रे माझ्या मागल्या! मी फळीवर नुसता डुलत होतो. पाऊस आला, पाऊस गेला. परशरामाचे कान त्याच्याबरोबर गेले ते गेलेच.

दसऱ्यानंतर मुलांना सुट्टी लागली. मागावरची साडी उतरत आली होती. परशराम आता फार मोठ्याने बोलत असे, कारण त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नसे.

"पोरास्नी घेऊन तू जा," तो म्हणाला. "मी येऊन काय करू तिथं? भिताडं बघू?"

साडी उतरली. नव्या धाग्यांची गुंडाळी शेजारी तयार होती, पण मालुबाई हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली.

"सांध की," परशराम म्हणाला.

तिने मान हलवली आणि फळीकडे, माझ्याकडे बोट दाखवले.

"अगं, माग रिकामा पडंल!"

तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि मागावर उरलेल्या जुन्या धाग्यांच्या टोकांवरून फिरवला. मग त्याला ओठ दिसतील अशी समोर बसून सावकाश म्हणाली, "धागं हायत. मी कापल्यात काय? चार दिस वाट बघतील. आमी लई बघितली."

परशरामाने त्या धाग्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग उठला आणि त्याने स्वतः मला फळीवरून खाली काढले.

गाडीत मी शामूच्या मांडीवर होतो. झाकण फिरवायची मौज वाटून तो घडीघडी पाणी प्यायचा आणि घडीघडी खाली उतरायचे म्हणायचा. वाटेत गाड्या बदलल्या, दशम्या संपल्या, कोळशाच्या कणांनी माझे अंग काळवंडले. जन्मात इतका मळलो नव्हतो आणि इतका सुखीही नव्हतो.

विजापूरचा तो घुमट बाहेरून पाहतानाच शामूची टोपी मागे पडली. अरुंद जिन्याने वर चढता चढता माझ्यातले पाणी संपले. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. तिथे पोचल्यावर मालुबाईने पदराने तोंड पुसले, अक्काताईने माझे उघडे तोंड न झाकताच मला परशरामाच्या हातात दिले आणि दोन्ही मुले कठड्याशी गेली.

शामू लाडू विसरला. त्याने पोटातून हाक मारली, "आप्पाऽऽ!"

हाक गेली, फिरली, परत आली, पुन्हा परत आली. मुले आनंदाने नाचू लागली. परशराम त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ती हसली की हा हसे. ते हसू खोटे होते. मला त्याच्या हातांवरून ते कळत होते आणि माझा जीव कासावीस झाला. एवढ्यासाठी का इतकी वर्षे थांबलो?

पण मी थरथरत होतो. माझे रिकामे पोट प्रत्येक हाकेसरशी शहारत होते. परशरामाने दचकून माझ्याकडे पाहिले. ते अक्काताईने पाहिले. ती धावत आली, तिने त्याचे दोन्ही तळवे माझ्या पोटावर दाबून धरले आणि ओरडली, "आऽप्पा!"

मित्रांनो, माझ्या अंगात होते नव्हते ते सगळे पितळ मी त्या हाकेला दिले. परशरामाने डोळे मिटले. हाक परतायची आणि त्याची मान हलायची. सातही वेळा हलली. शेवटची अगदी हळू.

"आलं गं, मालू!" तो केवढ्याने ओरडला. "पोरांनी हाक मारली मला!"

आणि घुमटानेही तेच सातदा सांगितले. मालुबाई कठड्याला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

घरी परतल्यावर मालुबाईने धागे सांधले. माग रिकामा पडला नव्हता, की कसला अपशकुनही झाला नाही.

आता देश स्वतंत्र झाला आहे. परशराम थकला, तरी विणतो. मी अक्काताईबरोबर तिच्या सासरी आलो. माझे आटे झिजले, झाकण गळते, कल्हई कित्येक दिवसांत झालेली नाही. मुलांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला चिंचेने घासा, कल्हई लावा. पण नुसता चकचकीत करून फळीवर मांडू नका. त्याला घेऊन निघा. मागावरची साडी कधीच उतरत नसते.

काल अक्काताईच्या धाकट्या लेकीने विचारले, "आई, आजानं ऐकल्याला घुमट आमाला कवा दावनार?"

"दावूया की," अक्काताई पीठ मळता मळता म्हणाली. "एवढी सुगी झाली की..."

मला राहवलेच नाही. मी इतक्या जोराने डुललो की फळीवरून थेट जमिनीवर आलो आणि खणखणत तिच्या पायाशी जाऊन थांबलो. अक्काताईने मला उचलले, पोचा आला का ते पाहिले. तिने माझ्या पोटावर तळवा दाबून धरला, घुमटात आप्पाचा धरला होता तसा. मग हात धुतले आणि माझ्यात पाणी भरायला माठाकडे गेली.