वीस पावलं मागे

पाणीखात्याच्या संपाचा पाचवा दिवस. आदल्या दुपारी पंपघराच्या फाटकाशी उभी असलेली खात्याची गाडी कोणीतरी पेटवली होती. आज तिथल्या बंदोबस्तावर जो फौजदार होता, तो घरातला धाकटा. त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच खात्यात घरोघरी मीटर वाचायला जायची आणि पाच दिवस त्याच फाटकासमोर बसत होती. एकाच घरात ती खालच्या मजल्यावर, तो वरच्या, त्यामुळे सकाळी चहाला गाठ पडलीच.

तिचं म्हणणं, गाडी संपकऱ्यांनी पेटवलेलीच नाही. पोलिसांनी लाठ्या चालवाव्यात, चार डोकी फुटावीत आणि सगळं शहर पेटून उठावं असं कोणालातरी हवंय. फौजदाराला हसू आलं. बारा वर्षांच्या नोकरीत ‘दगड आमच्याच माणसानं मारला’ म्हणणारा पुढारी त्याला भेटला नव्हता. उद्या घरात कपबशी फुटली तरी बाहेरच्यांनी फोडली म्हणाल, असं तो बोललाही.

“बरं, आमच्यातल्याच कोणी पेटवली असं धर,” अक्का म्हणाली. “तरी त्याला तुझी लाठीच हवीय ना? मग ती त्याच्या हातात आयती का देतोस?”

उशीर होतोय म्हणत तो उठला.

फाटकाशी दुपारपर्यंत नुसत्या घोषणा चालल्या. साहेबांनी फोनवर बजावलं होतं, पहिला दगड आला की वाट बघायची नाही. तीनच्या सुमाराला दगड आला. एका हवालदाराच्या शिरस्त्राणावर टणकन बसला आणि तो गुडघ्यावर आला. शिपायांनी लाठ्या उचलल्या. समोरचे सगळे उठून उभे राहिले, त्यांत अक्काही.

फौजदाराची नजर मात्र मागच्या भिंतीकडे गेली. तिथे तिघंजण फोन वर धरून होते, आणि दगड यायच्या आधीपासून धरून होते.

“लाठ्या खाली. वीस पावलं मागे,” तो म्हणाला.

शिपाई कुरकुरले, पण हटले. पोलीस मागे जाताहेत हे दिसताच घोषणा अडखळल्या. अक्का खाली बसली, तिने शेजारणीला बाही धरून बसवलं, आणि बघता बघता रांगच्या रांग बसली. दुसरा दगड दोहोंच्या मधल्या मोकळ्या रस्त्यावर पडून घरंगळला. कोणी मारला ते बघायला बसलेल्यांनीच माना मागे वळवल्या. भिंतीजवळचे तिघं फोन खिशात टाकून गल्लीत शिरले.

साहेबांनी आधी त्याला फैलावर घेतलं. पण संध्याकाळी खात्याने संपकऱ्यांना बोलणीला बोलावलं, तेव्हा ते बरंच नरमले. हवालदाराच्या कपाळावर एक टेंगूळ आलं होतं, तेवढंच.

फौजदार घरी आला तो थेट खालच्या मजल्यावर. ते तिघं नुसते बघेही असतील, एवढ्यावरून कट सिद्ध होत नाही, असं त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. असतीलही, असं अक्का म्हणाली. ती इतक्या सहज मान्य करेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“दगड पडला तेव्हा मी उठून उभी राहिले,” ती म्हणाली. “म्हटलं, आता माझा भाऊच माझ्या अंगावर येतो.”

“मलाही तेच वाटलं होतं, अक्का.”

मग तिने पानं घेतली. सकाळपासून पोटात काही नाही हे त्याला आत्ता आठवलं, आणि तो बकाबका जेवू लागला. मध्येच कोणाचं खरं यावरून दोघांची पुन्हा जुंपली, पण आवाज काही चढले नाहीत.