शेंडेफळ

बाईंनी फ्रीझरमधली शेवटची कुपी बाहेर काढली आणि झाकणावरचा बर्फ अंगठ्याने पुसला. खाली नवऱ्याचं किरटं अक्षर होतं: शेंडेफळ.

आठवडाअखेर प्रयोगशाळा रिकामी करून द्यायची होती. बाकीच्या कुप्या टाकताना हात अडखळला नव्हता, इथे मात्र घोडं अडलं.

दोघांचा संसार या इमारतीत निम्मा आणि घरी निम्मा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तसे निरोप, म्हणजे पेप्टाइडं, तो वरच्या मजल्यावर बनवायचा. खाली बाई ती पेशींना पाजायच्या. पेशीवरच्या रिसेप्टरला निरोप कळला की पेशी उजळते आणि पडद्यावरची रेघ वर चढते. रेघ चढली की बाई कात्रीने पाण्याच्या पाइपावर दोन टोले द्यायच्या. वरून दोन टोले यायचे आणि पाठोपाठ स्वारी चहाला खाली उतरायची. फोन होता की टेबलावर, पण नाही. सगळी इमारत हसायची यांना.

मूलबाळ नव्हतं, म्हणून की काय, तो पेप्टाइडांना लाडाची नावं द्यायचा. शेंडेफळ त्याने आजारपणात बनवलं, इस्पितळाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, थरथरत्या हातांनी. बाईंनी जिवाचा आटापिटा केला, पण रेघ काही हलली नाही.

"रिसेप्टर बहिरा नाही गं," तो खाटेवरून म्हणाला होता. "माझाच निरोप बोबडा निघाला. हात गेले माझे."

"काहीतरीच. तू बरा हो, मग बघू."

तो बरा झाला नाही. हात गेले असं मनाशी धरूनच गेला, आणि तेच बाईंना गेली चार वर्षं खात होतं.

कुपी टाकवेना. शेवटचं एकदा पाहावं म्हणून त्यांनी पेशी तयार केल्या, तर पेप्टाइड विरघळवायचं द्रावण संपलेलं. नवं मागवणं केव्हाच थांबवलं होतं. त्या शेजारच्या प्रयोगशाळेत गेल्या.

"हे न्या की, बाई," शेजारीण बाटली देत म्हणाली. "आता कशाला दगदग करताय?"

"सवय गं. जाता जात नाही."

थेंब सोडून त्या चष्मा पुसत बसल्या. वर पाहिलं, तर रेघ चढत होती. सावकाश नाही, चांगली ताठ उभी. पेशी एकेक करून उजळत होत्या. बाईंनी नुसत्या द्रावणाचे थेंब दुसऱ्या पेशींवर टाकून पाहिले. त्या काळोख्याच राहिल्या. म्हणजे बोललं होतं ते शेंडेफळच.

त्यांनी बाटली फिरवून चिठ्ठी वाचली. यात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन होतं. त्यांच्या द्रावणात ते कधीच नसायचं. आधीच्या एकाही पेप्टाइडाला लागलं नव्हतं, मग याला तरी कशाला लागेल, असं दोघंही धरून चालली होती. हे पोर चिकट निघालं. थेंब सोडायच्या प्लॅस्टिकच्या नळीला आतून चिकटून बसायचं आणि पेशींवर पडायचं ते निव्वळ पाणी. अल्ब्युमिनने नळीचा आतला भाग व्यापला, तेव्हा कुठे ते सुटलं. निरोप बोबडा नव्हताच. तो पोचलाच नव्हता.

"अरे, हात शाबूत होते तुझे," बाई मोठ्याने म्हणाल्या. खोलीत कोणी नव्हतं.

मग त्या उठल्या, खणातली कात्री काढली आणि पाइपावर दोन टोले दिले.

कान लावून उभ्या राहिल्या. वर खुर्ची सरकली, कोणीतरी चाललं, थांबलं. बाईंनी पुन्हा दोन टोले दिले, आधीपेक्षा हळू. पडद्यावरची रेघ आता उतरू लागली होती. चहाचं आधण ठेवायला हवं, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊनही गेलं.

बऱ्याच वेळाने दार वाजलं. खांद्यावर पिशवी घेतलेला प्लंबर उभा होता.

"वरच्या नव्या साहेबांनी पाठवलंय. म्हणे पाइप वाजतोय. हवा धरली असेल, बघू का?"

बाईंनी कात्री पदराआड घेतली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता नाही वाजणार."