टँकरच्या यादीवरचा पहारा

मी सर्व्हर बोलतोय. लातूरच्या एका सरकारी कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम. गावोगावच्या टँकरची यादी माझ्या पोटात असते. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी मागं वळून दाराकडे बघतो, मग पडद्याकडे. त्यांचं बघून बघून मलाही संशयाची खोड लागली.

मी आलो तेव्हा हार घातला होता, नारळ फोडला होता. पण रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या उन्हाळ्यात सगळं बिनसलं. त्यातच उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा उठली. झालं! उदगीरकडचा माणूस दिसला की लातूरकडचा फाईल मिटायचा.

आमचे साहेबराव साहेब तर स्वतःच्या सावलीवरही भरवसा न ठेवणारे. नव्या जिल्ह्याची मंडळी चोरून आपली गावं यादीत वर सरकवतात, असं त्यांच्या डोक्यात बसलं. माझी देखभाल करणाऱ्या महानंदाला त्यांनी पहारा लावायला सांगितलं. ती कंत्राटावरची, नाही कशी म्हणणार? पहारा म्हणजे एक क्वेरी, मला दिलेला न थांबणारा हुकूम. त्या क्वेरीनं यादीची ओळन् ओळ सारखी तपासायची आणि तपासून होईपर्यंत यादीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मी मंदावलो. साहेब म्हणाले, चोर आत शिरलाय, तपासणी वाढवा. मी आणखी मंदावलो.

चाकूरकडच्या एका गावच्या सरपंच चतुराबाई दोन दिवस खेटे घालत होत्या. त्यांची मागणी भरली की पडद्यावर नुसतं चाक फिरायचं. नोंद नाही तर टँकर नाही.

"हिरीत गाळ हाय नुस्ता, ताई," त्या म्हणाल्या. "लेकरं त्यातलंच पाणी गाळून पिऊ लागलीत."

महानंदा माझ्यापुढे बसली. एका कमांडनं मेमरी पाहिली, दुसरीनं डिस्क. दोन्ही ठीक. मग तिनं विचारलं, यादी अडवून कोण बसलंय? मी नाव दिलं. नाव तिचंच होतं, कारण पहारा तिच्या खात्यातून चालत होता.

"म्हणजे तुम्हीच," मागं उभे असलेले साहेब म्हणाले.

"मी न्हाई, साहेब. तुमचा पहारा हाय हा. पहारेकरीच दारात आडवा पडल्यावर मागणी आत येणार कुठून?"

पहारा काढला तर नव्या जिल्हेवाल्यांचं फावेल, साहेब म्हणाले; वर म्हणाले, नोकरीचा विचार करा. तिनं चतुराबाईंकडे पाहिलं आणि पहारा बंद केला. अडकलेल्या मागण्या भराभर आत आल्या. संध्याकाळी त्या गावाला टँकर गेला.

महिनाअखेर महानंदाचं कंत्राट संपवलं. मला फार वाईट वाटलं. तिच्या जागी सिद्धराम आला आहे आणि साहेबांनी आल्या आल्या त्याच्याकडून पहारा पुन्हा लावून घेतला. मी पुन्हा रखडतोय.

यादीत खरंच कुणी हात घातला होता का, हे मात्र मला अजून कुणीही विचारलेलं नाही. प्रत्येक बदल माझ्या लक्षात असतो. कुणीच घातला नव्हता. एकदा विचारा की, बाबांनो! बाहेर बाकावर जळकोटची माणसं टँकरची मागणी घेऊन सकाळपासून बसून आहेत.