किल्ली न्यायला वर या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे पोलाद म्हणत. अंधाऱ्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर उकिडवं बसून शीळ वाजवत काम करणारा गडी, नाव शोभायचंही. हल्ली मात्र टपावर पाय ठेवला की छातीत धडधडायचं आणि तळहात घामानं निथळायचे. एकदा हातातला पाना निसटला आणि खाली काम करणाऱ्या जोडीदाराच्या खांद्याला चाटून गेला. जोडीदार हसला, विसरूनही गेला. पोलादाची झोप मात्र त्या दिवसापासून उडाली. आपल्या हातून कुणाचा तरी जीव जाणार, ही भीती त्याच्या मनात घर करून बसली.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. फुकट द्यायचे, मग हात आखडता कशाला घ्यायचा? थोरला भाऊ म्हणाला, "पुरुषासारखा पुरुष तू, घाबरतोस कसला? थंड पाण्यानं अंघोळ कर." हे दादा स्वतः पाल दिसली की वहिनीला हाक मारतात, ती गोष्ट वेगळी. सासूबाई म्हणाल्या, "डोकं रिकामं असलं की असले विचार येतात." दिवसभर राबणाऱ्या जावयाला रिकामा म्हणायलाही धाडस लागतं. आणि सुपरवायझर साहेबांची तर बातच न्यारी! त्यांनी 'ताण पळवा' म्हणून सभा भरवली, सगळ्यांना हात वर करून खदाखदा हसायला लावलं, फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी प्रत्येकाच्या गळ्यात आणखी दोन इमारती मारल्या. ताण पळाला असेलच, तर तो साहेबांचा.

शहाण्यासारखी बोलली ती एकटी बायको. "अहो, ताप आला की जाता ना डॉक्टरकडे? मग मनाच्या डॉक्टरची कसली लाज? मी नंबर लावलाय."

"कुणी पाहिलं तर वेडा म्हणतील."

"म्हणू देत. विधवा म्हणवून घेण्यापेक्षा वेड्याची बायको म्हणवून घेईन."

तरी पठ्ठ्या नंबराच्या दिवशी गुपचूप कामावरच गेला. एका बारा मजली इमारतीत लिफ्टची वीज बंद केली, स्विचला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. त्यांच्या धंद्यात ही काळ्या दगडावरची रेघ: ज्याचं कुलूप त्यानंच उघडायचं, आणि किल्ली दुसऱ्याला द्यायची तर हातातच द्यायची. आत माणूस असताना कुणी वीज चालू केली, तर त्याचं काय उरणार? मग तो टपावर चढला आणि पाना उचलायचीही हिंमत होईना. कसाबसा उतरला, जिना उतरून रस्त्यावर आला आणि बायकोनं नंबर लावलेला तो माडीवरचा दवाखाना थेट गाठला. कुलूप तसंच राहिलं.

तिथल्या बाकावर बसतो न बसतो तोच फोन वाजला.

"अरे, कुठे तडफडलास?" साहेब गरजले. "लिफ्ट बंद, लोक माझ्या नावानं बोंब मारतायत! तुझं कुलूप तोडलं तर वरच्यांना लेखी उत्तर मला द्यावं लागेल. असशील तिथून निघ!"

पोलादानं खिसा चाचपला. किल्ली होती. पण आता उठलो तर पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही, हे तो ओळखून होता. बाकावरचे सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"येत नाही साहेब. मनाच्या डॉक्टरकडे बसलोय. किल्ली न्यायला वर या," म्हणत त्यानं पत्ता सांगितला.

साहेब आले, पण खालीच थांबले आणि पुन्हा फोन केला. "खिडकीतून टाक ना रे."

"किल्ली हातातच द्यायची. नियम तुम्हीच शिकवलात."

कुणी ओळखीचं बघेल या धास्तीनं साहेब नाकातोंडाला रुमाल लावून जिना चढले. शंभर माणसांना मन खंबीर ठेवायला सांगणारा हा वीर दवाखान्याच्या पाटीखालून चोरासारखा आत शिरला. किल्ली मुठीत येताच पोलादाच्या कानाशी लागून म्हणाला, "घाबरू नकोस. दाताच्या डॉक्टरकडे गेला होता, असं सांगतो मी ऑफिसात."

तेवढ्यात आतून हाक आली. पोलाद उठला.

"दात धडधाकट आहेत साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला भीती वाटते. तेच सांगा."

आणि तो आत गेला.