झाकलेला ग्लास

त्या घरात एक नियम होता: ओट्यावर बशी झाकून ठेवलेलं जे काही असेल ते बाबांचं, बाकी कोणी हात लावायचा नाही. बाबा म्हणजे सासरे. नजर अधू, कान त्याहून अधू, नाक तर केव्हाच निवृत्त झालेलं. दुपारची झोप झाली की त्यांना गार कोरा चहा लागायचा. लेक कामावर जाताना तो काचेच्या ग्लासात ओतून, वर बशी ठेवून जायची. हा नियम जावयाला सगळ्यांत पक्का ठाऊक होता, कारण लग्नानंतर लगेच त्याने तो चहा पिऊन टाकला होता आणि बायकोची भरपूर बोलणी खाल्ली होती. आणि नेमका त्यालाच त्या दिवशी तो आठवला नाही.

जावई बसवर ड्रायव्हर. सुट्टीचा वार, बायको कामावर, सासरे खोलीत आडवे. असा मोकळा दिवस सापडल्यावर त्याने कपाटाच्या वरच्या फळीवरून, स्वेटरच्या गठ्ठ्यामागून, पाइप काढला. जुन्या बाजारात मोडक्या कुलपांच्या ढिगात तो त्याला मिळाला होता. तंबाखू सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. बायकोला तसा शब्दच दिला होता. मग पाइप कशाला? तर म्हणे नुसता साफ करून ठेवायचा. मांजरानेही दुधाकडे नुसतं बघायचंच ठरवलेलं असतं.

पाइप मात्र खरंच देखणा होता. बाहेरून लाकडाच्या रेषा अशा की बघत राहावं, आणि आतून नुसतं गटार. त्याने दांडी हळूहळू पिळत ओढली, तेव्हा आत फिल्टर दिसला. धातूची बारीक नळी, बोटाच्या पेराएवढी, काढता-घालता येणारी. येणारी म्हणजे एके काळी. आता ती कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या धुराने आत चिकटून बसली होती. चिमट्याने धरून, पिळून, मनातल्या मनात चार शिव्या हासडून त्याने ती सोडवली. पाइपच्या तंबाखू भरायच्या वाटीतला कोळशाचा थर सुरीने खरवडला, तिच्यात जाडं मीठ भरलं आणि वर स्पिरिट सोडलं. मीठ आतली सगळी घाण ओढून घेतं, वासासकट. मग त्याने फिल्टर एका ग्लासात टाकला आणि त्यावरही स्पिरिट ओतलं. बघता बघता ते पिवळं झालं, मग तपकिरी, मग अगदी गडद. भारीच काम झालं, असं तो स्वतःशीच म्हणाला.

स्पिरिट उडून जाऊ नये म्हणून त्याने त्या ग्लासावर हाताला आली ती बशी झाकली. जागा हवी म्हणून बाबांचा चहा डब्यामागे सरकवला. घासायला बारीक पॉलिश पेपर नव्हता, तो आणायला तो खाली हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदार निघाला बोलका. पाय काही लवकर निघाला नाही.

परत आला तर ओटा लख्ख पुसलेला. पाइप ठेवला होता तिथेच, मिठासकट. बशी धुऊन उभी केलेली. ग्लास धुऊन पालथा. डब्यामागे बाबांचा चहा काठोकाठ, तसाच झाकलेला. फिल्टर कुठेच नाही.

गर्दीच्या चौकात ब्रेक लागले नाहीत तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता. त्याने मोरीची जाळी उचलून पाहिली, कचऱ्याचा डबा उपसला, ओट्याखाली वाकून हात फिरवला. नळी नाही. म्हणजे तीही पोटात गेली की काय? तो खालीच बसला.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला त्याने फोन लावला. आवाज इतका बारीक झाला होता की औषधवाल्याला दोनदा कोण म्हणून विचारावं लागलं.

"स्पिरिट? किती प्यायलेत?" औषधवाला म्हणाला.

"माहीत नाही."

"कधी?"

"मी नव्हतो घरात."

"अहो, मग मला काय विचारता, त्यांना विचारा. ओकायला लावू नका. उठत नसतील तर उचला आणि सरळ हॉस्पिटल गाठा."

बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, एक हात उशीखाली. चादर खालीवर होतेय का ते त्याला कळेना. होत होती, मग वाटलं नाही होत, मग पुन्हा झाली. तो जवळ गेला आणि त्यांच्या नाकापुढे बोट धरलं. बोटाला श्वास लागला, पण तोंडाला टूथपेस्टचा वास. दुपारी कोण दात घासतं? त्याला काही सुधरेना. बायकोला काय सांगायचं, हा विचार आला आणि त्याचीच त्याला लाज वाटली. म्हातारा मरतोय आणि याला स्वतःच्या चामडीची पडलीय.

बायको तशी वाईट नव्हती, दमलेली होती. मागे बाबांनी गॅस चालू ठेवला होता, तेव्हा ती रडत म्हणाली होती, "पुन्हा असं काही झालं तर बाबांना तिकडे ठेवावं लागेल." तिकडे म्हणजे गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिकडे. घरात त्या जागेचं नाव कोणी घेत नसे. नुसतं तिकडे म्हटलं की बाबा जेवता जेवता थांबत. डॉक्टरांनी त्यांना वार विचारला होता, उलटे आकडे म्हणायला लावले होते, चुका कागदावर लिहून घेतल्या होत्या, आणि पुढे बघू म्हणाले होते.

"बाबा," त्याने खांदा हलवला. "बाबा, उठा."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. लगेच उघडले. झोपलेला माणूस असे उघडत नाही.

"जावईबापू, दार लावून घ्या," ते म्हणाले.

"तुम्ही ग्लासातलं काय प्यायलात?"

"हळू बोला. ती आली का?"

"नाही आली. बाबा, किती प्यायलात ते सांगा आधी."

"एक घोट. तोही गिळला नाही, बेसिनमध्ये थुंकला." बाबा उठून बसले. "रोजचाच चहा हो. रोजच्याच जागी. आणि तोंडात घेतला तर जहर. जीभ गेली की डोकंच गेलं, कळेना. गुळण्या केल्या, दात घासले, ग्लास धुऊन टाकला. तळाशी हे होतं."

उशीखालचा हात त्यांनी पुढे केला. तळहातावर फिल्टर होता, चांगला चकचकीत.

"माझ्या कानाच्या मशीनमधलं पडलं का हे? मीच टाकलं असेन का चहात? आठवतच नाही. केव्हाचा आठवतोय." त्यांनी त्याचं मनगट धरलं. "तिला सांगू नका. माझ्यासाठी एवढं करा. ती मला तिकडे पाठवेल."

गिळलं नव्हतं. जावयाच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तेवढ्यात बाहेर कुलपात किल्ली फिरली. बायको लवकर आली होती.

आता खरं तर काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं, बस्स. म्हातारा कधीच बोलणार नव्हता, उलट जन्मभर उपकार मानणार होता. पाइप पिशवीत टाकून फळीवर ठेवला की झालं. सापही मेला आणि काठीही शाबूत. फक्त या माणसाने इथून पुढे रोज चहाचा घोट घेताना भ्यायचं होतं.

"बाबा," तो म्हणाला. "तो चहा नव्हता."

"काय?"

त्याला ओरडून सांगावं लागलं. "चहा नव्हता तो. माझं स्पिरिट होतं. पाइप साफ करत होतो मी. ही नळी त्यातली. बशी मी झाकली."

बायको दारात उभी होती. खांद्यावरची पर्स खांद्यावरच. तिने सगळं ऐकलं होतं. तसं ओरडल्यावर शेजारपाजारच्यांनीही ऐकलं असणार.

"कसला पाइप?" ती म्हणाली.

त्याने सांगितलं. ती एकदा वडिलांकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"बाबा, चपला घाला. आधी डॉक्टरकडे," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुमच्याकडे नंतर बघते."

डॉक्टर तेच होते, वार विचारणारे. त्यांनी बाबांचा घसा पाहिला, नाडी पाहिली, प्रश्न विचारले. काही झालेलं नाही, पाणी भरपूर प्या, म्हणाले. लेकीने पर्स उचलली.

बाबा खुर्चीवरून उठेनात.

"जावईबापू, यांना सांगा," ते म्हणाले.

"सांगितलं ना, बाबा."

"मला ऐकू आलं नाही. परत सांगा, मोठ्याने." त्यांनी डॉक्टरांच्या पेनाकडे बोट दाखवलं. "आणि यांना ते लिहून घेऊ द्या. तो चहा नव्हता."